पणजोबांचा चाकू आणि ‘जी आर’चा घोळ

आजोबांच्या कपाटातून माझ्याकडे आलेला घडीचा चाकू नेमका किती जुना, एवढंच मला शोधायचं होतं. त्यातले चार महिने तेरा दिवस एका संग्रहालयाच्या चौकशी-अर्जाने खाल्ले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

चाकू कुणी बनवला हे एका रात्रीत कळलं. पातं उघडलं की मुठीला लागून धार नसलेला चपटा भाग असतो, कारखान्याचा शिक्का तिथे असतो. माझ्या चाकूवर त्या जागी नुसता काळा थर होता. तेलाचा एक थेंब रात्रभर मुरू दिला, सकाळी लाकडी टूथपिकने हलकेच कोरलं, वर खडूची पूड चोळून बोटाने पुसली. खोलगट अक्षरांत पांढरं तेवढं राहिलं. टॉर्च आडवा धरला तर एक तारा आणि शेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे मध्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या चार हातांचा क्रॉस! ही इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीची खूण, त्यांना १७६४ मध्ये मिळालेली. वर मुकुट, त्याच्या एका बाजूला ‘जी’, दुसऱ्या बाजूला ‘आर’.

आणि इथेच गाडं अडलं. राजघराण्याला चाकू-सुऱ्या पुरवायचा मान या कंपनीकडे होता, त्यामुळे त्या त्या वेळच्या राजाची आद्याक्षरं शिक्क्यात यायची. व्हिक्टोरिया राणी असताना ‘व्ही आर’; यातला ‘आर’ म्हणजे लॅटिनमधला राजा किंवा राणी (रेक्स, रेजिना). ‘जी आर’ म्हणजे जॉर्ज राजा, पण कितवा? चौथा जॉर्ज १८२० ते १८३०, पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२. आमच्या घरात चालत आलेली गोष्ट अशी की चाकू पाच पिढ्यांचा आहे. मला अर्थातच चौथा जॉर्ज हवा होता.

जाणकाराला विचारावं म्हणून त्या संग्रहालयाचा अर्ज भरला. अर्जात ‘निर्मितीचे वर्ष’ हा रकाना सक्तीचा. अहो, तेच तर विचारायला आलोय! ‘माहीत नाही’ असं लिहिलं, तर सहा आठवड्यांनी ‘अर्ज अपूर्ण’ म्हणून परत. दुसऱ्या वेळी ‘अंदाजे १८२० ते १९५२’ असं भरलं. तोही परत, कारण फोटोत शेजारी मोजपट्टी नव्हती. ही अट अर्जावर कुठेही छापलेली नव्हती. फोन केला की संबंधित व्यक्ती रजेवर. ईमेलला आपोआप येणारी पोच तेवढी यायची. मोजपट्टी ठेवून सगळे फोटो पुन्हा काढले, पाठवले, आणि रोज सकाळी आधी ईमेल उघडायचा असा नियमच होऊन बसला. शेवटी उत्तर आलं: ‘शिक्का जॉर्ज राजाच्या काळातील आहे.’ बस्स. हे तर मीच त्यांना अर्जात लिहून दिलं होतं!

तुम्हीही अर्ज करणार असाल तर पात्याच्या दोन्ही बाजू, मूठ आणि चाकूची पाठ, सगळ्यांचे फोटो मोजपट्टीसकट पहिल्याच खेपेला पाठवा. आणि उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका.

कारण माझं उत्तर चाकूतच होतं. त्याचं दुसरं, छोटं पातं गंजून मुठीत रुतलं होतं. पकडीने ओढायचा मोह झाला, पण पातं उघडायला नख अडकवायची खाच तुटली असती. सांध्यात रोज तेल सोडत राहिलो, चौथ्या दिवशी ते कुरकुरत उघडलं. त्याच्या बुडाशी ‘शेफिल्ड’, आणि खाली स्वच्छ ‘इंग्लंड’. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून शिक्क्यांमध्ये देशाचं नाव सर्रास दिसू लागलं. म्हणजे चौथा जॉर्ज बाद. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण देशाचं नाव नाही म्हणजे चाकू त्याआधीचाच, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नका.

मधेच आठवलं म्हणून सांगतो: पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल तर चाकू १९१३ च्या आधीचा नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद शेफिल्डमध्ये त्याच वर्षी बनवलं. आणि फळं कापायचा चांदीच्या पात्याचा इंग्लिश चाकू असेल तर तुम्ही नशीबवान. चांदीवरच्या हॉलमार्कमध्ये वर्षाचं अक्षर असतं. शेफिल्डची जुनी खूण मुकुट, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर. अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट तक्त्याशी ताडून पाहिली की वर्ष सापडतं.

पाचवा की सहावा, हे आत्याने सोडवलं. तिच्याकडच्या एका फोटोत पणजोबांच्या कमरेला साखळी आहे आणि साखळीला कडीने अडकवलेला हाच चाकू, मुठीचा एक कोपरा उडालेला. फोटोच्या मागे शाईने १९२८. म्हणजे पाचवा जॉर्ज, १९१० ते १९२८ च्या मधला. माझ्यापर्यंत चार पिढ्या. घरातल्या माणसांना मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.

पॉलिश पेपर लावलेला नाही, लावणारही नाही. चामड्याच्या म्यानातून मात्र काढून ठेवलाय, कारण चामड्यातल्या आम्लाने आणि ओलीने पातं गंजतं. छोटं पातं झिजून निम्मं उरलंय. आत्या म्हणाली, ‘अरे, दादा, म्हणजे तुझे आजोबा, त्यानेच आमच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचे.’