बाग आपली नाही

मुलीने बुकिंग करताना ‘रोमँटिक पॅकेज’वर टिचकी मारली होती, हे आम्हाला दार उघडल्यावर कळलं. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, उशांवर एकेक चॉकलेट आणि टेबलावर लाल फीत बांधलेली शिराझ वाइनची बाटली. आमचे हे दारातच थबकले. म्हणाले, “कोणाचं लग्न आहे का इथं?” मी पाकळ्या गोळा करून वाटीत भरल्या. टाकवेनात.

लेक ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असते. द्राक्षवाल्याला सवड कधी, हे तिला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून तिने आम्हाला जुलैत बोलावलं. खरड छाटणी एप्रिलमध्ये उरकलेली, फळछाटणी ऑक्टोबरला. लग्नाला ३३ वर्षं झाली, पण नुसतं दोघांनीच कुठे जाऊन दोन रात्री राहायचं, हे कधी जमलं नव्हतं. गेलो ते शेतकरी मेळाव्यांना, कृषी प्रदर्शनांना आणि पाहुण्यांच्या लग्नांना. आणि आता लेकीने पाठवलं कुठे, तर बरोसा व्हॅलीत. पुन्हा द्राक्षांतच!

आमची कॉटेज बेथनीत होती. बरोसातली जर्मन लोकांची ही पहिली वस्ती, १८४२ ची. प्रशियाच्या राजाने उपासना कशी करायची हे स्वतः ठरवायला घेतलं, तेव्हा सायलेशियातले काही ल्युथरन शेतकरी गाव सोडून थेट इतक्या लांब आले. एक सरळ रस्ता, रस्त्याला तोंड करून घरं आणि घरामागे पट्टीसारखं लांबच लांब वावर. ह्यांनी बघितल्या बघितल्या विचारलं, “वाटण्या झाल्यात का इथं?”

घर ठेंगणं, दगडी. भिंती हातभर जाड, वर पत्रा. दारं इतकी बुटकी की ह्यांनी पहिल्या दिवशी दोनदा कपाळ आपटून घेतलं. स्वयंपाकघरात पाव भाजायची जुनी विटांची भट्टी तशीच ठेवलेली, तिच्या तोंडात आता लाकडं रचून ठेवतात. जमिनीखाली तळघर. आणि न्हाणीघरात चार पायांवर उभा असलेला पांढरा टब, ज्याच्याकडे आम्ही दोघांनीही दोन दिवस न बघितल्यासारखं केलं.

घराची मालकीण संध्याकाळी अंडी आणि जर्दाळूचा जॅम घेऊन आली. ह्यांनी तिला विचारलं, भिंतीच्या दगडांमधल्या सांध्यांचा रंग वेगळा का दिसतो? झालं, बाई बसलीच. लेक फोनवरून मधे मधे भाषांतर करत होती. आधीच्या मालकांनी डागडुजी सिमेंटने केली होती. जमिनीतली ओल भिंतीत चढते, सोबत क्षार घेऊन येते. सिमेंटमधून तिला बाहेर पडायला वाट नाही, मग ती दगडातून निघते आणि दगडच पिठासारखा झडायला लागतो. तिकडे याला ‘सॉल्ट डॅम्प’ म्हणतात, जुन्या घरांचा मोठा आजार आहे तो. हिने सगळं सिमेंट छिन्नीने काढलं आणि सांधे चुन्याने भरून घेतले. चुन्यातून ओल निघून जाते. क्षार फुटलेच तर चुना झडतो, दगड वाचतो. चुना पुन्हा भरता येतो.

“क्षारपड जमिनीसारखंच आहे म्हणा की,” हे म्हणाले. “निचरा नसेल तर वरून काहीही करा, मीठ वर येणारच.” बाईने जोरजोरात मान हलवली. आमच्या रोमँटिक पॅकेजची पहिली संध्याकाळ अशी निचऱ्यावर गेली.

सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. मागच्या बागेत छाटणी चालली होती. हे चहाचा कप घेऊन निघाले ते कुंपणाच्या तारेपाशी जाऊन अडले, कारण पाटी होती : आत येऊ नये. साऊथ ऑस्ट्रेलियात फायलोक्सेरा अजून शिरलेला नाही. मुळं खाणारा तो बारीक किडा बुटाच्या मातीतूनही येऊ शकतो, म्हणून ही शिस्त. तो आला नाही म्हणूनच इथे कितीतरी जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. आपल्यासारखं आधी डॉग्रिजचा खुंट लावून त्यावर कलम बांधायची भानगड नाही. हे तारेला धरून इतका वेळ उभे राहिले की छाटणी करणाऱ्या म्हाताऱ्यालाच दया आली. त्याने आमचे बूट औषधाच्या पाण्यात बुडवून घेतले आणि आत घेतलं.

वेली कमरेएवढ्या. तारा नाहीत, मांडव नाही. खोडं मात्र जात्यासारखी जाड, पिळवटलेली, मधे पोकळ. ह्यांनी एका खोडाला हात लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. म्हाताऱ्याने बोटांनी सांगितलं, शंभराच्या वर. इथे बागांना वयावरून हुद्दे आहेत : ३५ वर्षांची ती ‘ओल्ड’, ७० ची ‘सर्व्हायव्हर’, १०० ची ‘सेंटेनेरियन’ आणि १२५ च्या पुढे ‘ॲन्सेस्टर’, म्हणजे पूर्वज. शेजारच्या टनुंडात लँगमाईल वाइनरीची एक शिराझची बाग तर १८४३ ची मानतात. आम्ही आमची बाग सोळाव्या वर्षी उपटली. माल घटला होता, कर्ज वाढलं होतं. त्या दिवशी जेसीबीच्या मागे मागे हे चालत होते, ते मला तिथे आठवलं. बोलले नाही.

म्हाताऱ्याने कात्री ह्यांच्या हातात दिली. काडीला दोन डोळे ठेवायचे, बाकी सगळं कापायचं. ह्यांनी एक वेल छाटली. म्हाताऱ्याने वाकून बघितलं, एक काडी अजून आखूड केली आणि पाठीवर थाप मारली. थंडीत वेल झोपते, म्हणून इथे वर्षातून एकदाच छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, तिला दोनदा छाटून वळण लावावं लागतं. “आपली वेल पण आपल्यासारखीच,” एवढंच मी म्हटलं.

दुपारी सेपेल्ट्सफील्ड, इथली जुनी वाइनरी. रस्त्याच्या दोन्ही कडांना पामची झाडं, मंदीच्या काळात कामगारांना घरी बसवायचं नाही म्हणून त्यांच्याकडून लावून घेतलेली. १८७८ साली इथल्या मालकाने वाइनचं एक मोठं पिंप भरलं आणि सांगितलं, शंभर वर्षं याला हात लावायचा नाही. तेव्हापासून दर वर्षी एक तरी पिंप भरून ठेवतात, एकही साल चुकलेलं नाही. लेकीने पप्पांच्या जन्मसालाचं, १९६५ चं, घोटभर ‘टॉनी’, म्हणजे पिंपात मुरवलेलं गोड वाइन, ठरवून ठेवलं होतं. लाकडातून दर वर्षी थोडं थोडं उडून जातं आणि उरतं ते दाट होत जातं. पेल्यात फिरवलं तर काचेला चिकटून बसलं, काकवीच जणू. मी पीत नाही. फक्त जीभ लावली. सुकं अंजीर, जळलेली साखर आणि शेवटी घसा तापवणारं काहीतरी.

मग मला राहवलं नाही. मी विचारलं, आमच्या लग्नाचं साल, १९९२, कुठंय? तिथे काम करणाऱ्या मुलीने वरच्या रांगेकडे बोट दाखवलं. हात पोचत नव्हता. “ते २०९२ ला काढणार,” तिने हसत सांगितलं. ह्यांनी गंभीरपणे फोन काढला आणि नोंद करून ठेवली.

त्या रात्री शेगडीत लाकूड टाकून आम्ही लवकर झोपलो. मध्यरात्री पत्र्यावर थेंब वाजायला लागले, मग धो धो. मला जाग आली तेव्हा बाजूची गादी रिकामी. हे खिडकीशी उभे होते, कपाळ काचेला टेकवून, हातातल्या मोबाइलचा उजेड बाहेर मारत.

“अहो,” मी म्हटलं, “बाग आपली नाही.”

“माहितीये,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “आणि पानंही नाहीत वेलींवर. डावणीचा रोग यायचा कशावर?”

पलंगावर परत आले तेव्हा पाय बर्फ झाले होते. ते त्यांनी सरळ माझ्या पायांना लावले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. मी मात्र टक्क जागी. पाऊस थांबेना, आणि मी अंधारात हिशोब मांडत बसले, की सकाळी फवारणी काढायची तर किती टाक्या लागतील.