दोन मास्क, आठवडाभरासाठी

करोनाची साथ सुरू झाली तेव्हा, 2020 च्या फेब्रुवारीत, तैवानमध्ये मोठ्या माणसाला आठवड्याला दोन मास्क मिळायचे. किंमत एकाला पाच तैवानी डॉलर, म्हणजे आपले साधारण बारा रुपये. मी तैचुंगमध्ये यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. फोनवर आईला हे सांगितलं तर ती काळजीने म्हणाली, "मंग बाकीना दिन काय करस वं माय?" बाकीचे दिवस तोच मास्क जपून वापरायचा, खोलीवर आलं की टांगून ठेवायचा. सगळेच तसं करत होते.

त्यानंतर गावी आले की लोक हमखास विचारतात, तिकडे मास्कवरून भांडणं कशी नाही झाली? आणि उत्तरही स्वतःच देतात, "तिकडची माणसं शिस्तीची, आपल्याकडे नाही जमायचं." हे मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

तैवानमध्ये पहिला रुग्ण 21 जानेवारीला सापडला आणि 24 तारखेला मास्कच्या निर्यातीवर बंदी आली. तोवर बहुतेक मास्क चीनहूनच यायचे. देशात दिवसाला 19 लाखांच्या आसपास तयार होत, आणि लोकसंख्या 2 कोटी 36 लाख. त्या आठवड्यात इथेही दुकानं रिकामी झाली, लोक कोपऱ्यावरच्या प्रत्येक दुकानात विचारत फिरत होते. शिस्तीची माणसंही घाबरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग सरकारने कारखान्यांतला सगळा माल स्वतः ताब्यात घेतला आणि 6 फेब्रुवारीपासून नावनिशीवार वाटप सुरू केलं.

वाटपासाठी नवं काही काढलं नाही. इथे 1995 पासून सगळ्यांना एकच सरकारी आरोग्य विमा आहे, त्याचं चिपचं कार्ड असतं. माझ्यासारख्या परदेशी कामगारालाही ते मिळतं. विम्याशी जोडलेली सहा हजारांवर औषधाची दुकानं आहेत. प्रत्येक दुकानाला रोज मोठ्यांचे 200 आणि मुलांचे 50 मास्क यायचे. कार्डावरच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार. सम असेल तर मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारी कोणीही. कार्ड यंत्रात घातलं की तुमचा वाटा उचलल्याची नोंद व्हायची, दुसऱ्या दुकानात जाऊन पुन्हा घेता यायचं नाही.

माझ्या गल्लीतल्या दुकानात एक वयस्कर बाई आणि त्यांची सून असायच्या. माल गठ्ठ्याने यायचा आणि त्याच्या दोन-दोनच्या पुड्या त्यांनाच बांधाव्या लागत. रांगेत उभं राहून काचेतून त्यांचे हात चालताना दिसायचे. औषधं विकायची, चिठ्ठ्या वाचायच्या आणि वर हे काम. त्या दिवसांत तैवानला ज्यांनी सावरलं त्यांत हे औषध दुकानदार फार वर येतात, असं माझं मत आहे. आमचा दादा अमळनेरला मेडिकल चालवतो म्हणूनही असेल, पण मला त्या दोघींचं फार वाटायचं.

हे सगळं सुरळीत चाललं असंही नाही. कुठल्या दुकानात किती मास्क उरलेत हे सरकारने सगळ्यांसाठी खुलं केलं आणि संगणकाची जाण असलेल्या नागरिकांनी त्याचे नकाशे बनवले. ऑड्री टँग तेव्हा डिजिटल कामं बघणाऱ्या बिनखात्याच्या मंत्री होत्या, त्यांनी त्या मंडळींना सोबत घेतलं. पण दुकानदार गर्दी टाळायला सकाळीच क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटून मोकळे व्हायचे. नकाशावर शंभर मास्क दिसायचे आणि दारात गेलं की "संपले" असं उत्तर. दिवसपाळीच्या कामगारांची तर पंचाईतच व्हायची. मग 12 मार्चपासून ऑनलाइन नोंदणी करून चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांतून मास्क घ्यायची सोय झाली. चुकत होतं, लोक बोलत होते, दुरुस्ती होत होती.

दुसरीकडे मास्क वाढवायचं काम चालू होतं, आणि ते आमच्या धंद्यातलं होतं. मास्क बनवणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपन्या इथे अगदी मोजक्या आणि लहान. त्यांच्याकडून इतकी यंत्रं एरवी घ्यायची तर कित्येक महिने गेले असते. तैचुंग हे यंत्रउद्योगाचं केंद्र, तिथल्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कारखान्यांनी आपापले तंत्रज्ञ त्यांच्या मदतीला पाठवले. मार्चच्या सुरुवातीला 60 यंत्रं उभी राहिली होती. महिन्याच्या मध्यापर्यंत उत्पादन दिवसाला एक कोटीच्या घरात गेलं. वाटाही वाढत गेला: मार्चमध्ये आठवड्याला तीन, एप्रिलमध्ये दोन आठवड्यांना नऊ. 1 जूनला निर्यातबंदी उठली, मोकळी विक्रीही सुरू झाली.

मास्क घरोघरी शिवून का भागलं नाही, हे आपल्याकडच्या लोकांना सांगावंसं वाटतं, कारण आपण कापसाच्या मुलखातले. सर्जिकल मास्कमध्ये कापूस नसतो. तीन थर असतात, तिन्ही पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे. मधला थर खरा महत्त्वाचा: वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोताने उडवून बारीक तंतू करतात, त्यावर विद्युतभार देतात, आणि तो भार सूक्ष्म कण ओढून धरतो. जगभर अडलं ते या मधल्या कापडापाशी. बाहेरचे थर त्या मानाने सहज मिळत होते. आपल्याकडे बचत गटांच्या बायकांनी शिवलेले सुती मास्क खेडोपाडी फार उपयोगी पडले, पण वॉर्डात रुग्णाजवळ उभ्या असलेल्या नर्सला ते पुरत नाहीत. तिच्यासाठी हा मधला थरच हवा.

त्याच काळात दादा अमळनेरला काय भोगत होता ते रोज फोनवर कळायचं. भारताने 31 जानेवारीला निर्यात बंद केली, 8 फेब्रुवारीला सर्जिकल मास्कना त्यातून मोकळीक दिली आणि 19 मार्चला पुन्हा बंदी घातली. मधला महिना-सव्वा महिना माल बाहेर जायला मोकळा होता. 13 मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू ठरले. आठवडाभराने तीन पदरी मास्कला जास्तीत जास्त 10 रुपये भाव बांधून दिला. भाव बांधला ते बरोबरच केलं. पण दादाला ठोकवाला त्याहून महाग द्यायचा, तोही बिलाशिवाय. नियम पाळला तर खिशातून पैसे, नाही पाळला तर गुन्हा. शेवटी त्याने मास्क ठेवणंच थांबवलं आणि दारात येणाऱ्या ओळखीच्या माणसांना नाही म्हणत राहिला. याचा त्याला फार त्रास झाला. किंमत बांधली, पण माल त्या किमतीत दुकानापर्यंत पोहोचवायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. तैवानमध्ये सरकारने ती आधी उचलली आणि मग भाव लावला. माझ्या मते सगळा फरक इथे आहे, माणसांच्या स्वभावात नाही.

आणि आपल्याकडे जमत नाही म्हणणाऱ्यांना मी नंदुरबार दाखवते.

2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी देशभर काय हाल झाले ते कोणी विसरलेलं नाही. जळगाव-धुळ्याकडची माणसं रेमडेसिविरसाठी नाशिक, पुण्यापर्यंत पळत होती. तेव्हा नंदुरबारसारख्या, सातपुड्याच्या कुशीतल्या आदिवासी जिल्ह्यात हवेपासून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प आधीच चालू होते. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, स्वतः डॉक्टर. अमेरिका-ब्राझीलमध्ये पुन्हा रुग्ण वाढताना त्यांनी पाहिले आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये पहिला प्रकल्प बसवून घेतला. बाकीचे पुढच्या काही महिन्यांत.

या प्रकल्पात हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजातून सोडतात, ते नायट्रोजन धरून ठेवतं आणि 93 टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन नळीतून थेट खाटेपर्यंत जातो. टँकरची वाट बघावी लागत नाही. त्याहून मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते: साधारण 50 रुग्णांमागे एक ऑक्सिजन नर्स नेमली. कोणाला किती लागतोय, कोणाचा प्रवाह कमी करता येईल, कोणी जेवायला मास्क काढला आणि नळी चालूच आहे, हे ती बघायची. बाहेरून रुग्ण तिकडे येत होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या जिल्ह्याला आपण मागास म्हणतो, तिथे लोक श्वासासाठी जात होते!

तैवानची तयारीही अशाच एका आठवणीतून आली. 2003 मध्ये सार्स हा श्वसनाचा साथीचा आजार आला तेव्हा तैपेईतलं एक रुग्णालय आतल्या रुग्ण-कर्मचाऱ्यांसकट बंद करावं लागलं होतं. त्यानंतर मास्क आणि संरक्षक पोशाखांचा साठा तीन ठिकाणी ठेवायची पद्धत घालून दिली: केंद्राकडे, स्थानिक प्रशासनाकडे आणि रुग्णालयांत. मुदत संपायच्या आत जुना माल वापरायचा, नवा भरायचा. कंटाळवाणं काम आहे, रुग्ण नसताना तर कोणाला त्याची आठवणही राहत नाही.

आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात गावचे लोक असतात आणि थोडा निधीही असतो. आमच्या चुलत काकू अमळनेर तालुक्यातल्या अशाच एका समितीवर आहेत. साठ्याची नोंदवही शेवटची कधी मोजून तपासली, हातमोजे-मास्कची मुदत कधीपर्यंत आहे आणि ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहेत का, हे तीन प्रश्न मी त्यांना लिहून पाठवलेत. पुढच्या बैठकीत त्या विचारणार आहेत. तुमच्या ओळखीत कोणी अशा समितीवर असेल, तर त्यांनाही विचारायला सांगा.