माईक पुढे गेला

"रोलर फिरवल्यावर दुसरा थर द्यायला ते किती दिवस थांबायचे हो?"

संग्रहालयातलं चित्रकार वासुदेव गायतोंड्यांवरचं व्याख्यान संपलं, तेव्हा शेजारच्या काकांनी मला हळूच विचारलं. नखांत निळा ऑइलपेंट. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या म्हणाले.

"माईकवर विचारा ना."

"इंग्रजीत कसं विचारू?"

तोवर माईक पुढे गेला.

तासभर झेन, मौन, २०१४ चं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातलं प्रदर्शन. रोलर आणि पॅलेट नाइफ एका वाक्यात उरकले. वर्षाला मोजकेच कॅनव्हास करणाऱ्या माणसाबद्दल खरा प्रश्न काकांचाच होता. तो कामातून आला होता.

गिरगावात वाढलेल्या, जे.जे.त शिकलेल्या चित्रकाराबद्दल मुंबईत मराठीत विचारायला संकोच वाटावा?

आणि मी का नाही हात वर केला?