इंदूरची दोन मुसळं कॅनबेरात

सिडनीला मुलाकडे आलेल्या इंदूरकरांना ऑपेरा हाउस दाखवतात, समुद्र दाखवतात, फार तर ब्लू माउंटन्स. गाडीने तीन-साडेतीन तासांवर असलेल्या कॅनबेराला मात्र कुणी नेत नाही. तिथल्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी घेतलेले, शिल्पकार ब्रांकुशीने घडवलेले दोन पक्षी आहेत, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. तिसरा ब्रॉन्झचा. तो कॅलिफोर्नियात, पॅसाडिनाला गेला.

नेलंच तर आई पहिल्यांदा म्हणते, "अगंबाई, हे तर मुसळ!" आणि मुलं ओशाळतात. ओशाळायचं कारण काय? 1926 मध्ये ब्रांकुशीच्या याच 'बर्ड इन स्पेस' मालिकेतला एक पक्षी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला, तेव्हा तिथल्या कस्टमवाल्यांनी त्याला स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याचं सामान या सदरात टाकून 40 टक्के जकात लावली. 600 डॉलरच्या वस्तूवर 240! प्रकरण कोर्टात गेलं. ही कलाकृतीच आहे हे ठरायला 1928 उजाडलं. आपल्या आईला निदान मुसळ आवडतं तरी.

बघताना समोर खिळून उभं राहू नका. बैठकीसकट तीन मीटरच्या वर उंची आहे, म्हणून आधी लांबून बघा, मग भोवती फिरा. बाजूने पाहिलं की कळतं, आकार सारखा गोल नाही, छाती पुढे फुगलेली आहे. शेंडा तिरपा कापलाय, उजेड तिथे अडतो. सगळ्यात अरुंद जागा खाली, पायाच्या वर. जीव धोक्यात तिथेच. संगमरवर वरचा भार सहज पेलतो, पण बाजूने दाब आला की तडकतो, आणि दगडात एखादी शीर आडवी गेली असेल तर नेमका तिथून.

चकाकीचं गणित घरी फरशी पॉलिश करून घेतलेल्यांना लगेच कळेल. आधी जाड घासदगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, सोबत सतत पाणी. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पुसायचे. एक नंबर गाळला की तेव्हा काही दिसत नाही, शेवटी चकाकी आली की ओरखडाही वर येतो, आणि मग पुन्हा मागे जावं लागतं. पांढऱ्यात तो लपून जातो. काळ्यात करडी रेघ होऊन बसते, म्हणून काळा पक्षी जास्त अवघड. हात लावू नका म्हणतात त्यात शिष्टपणा नाही. ओट्याच्या संगमरवरावर लिंबू सांडलं की डाग पडतो ना, घामाचंही तसंच, फक्त सावकाश.

पक्षी ठेवायला इंदुरात ध्यानमंदिर व्हायचं होतं. आत पाणी, वरून उजेड. 1937-38 च्या हिवाळ्यात ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला येऊन गेला. महाराणी संयोगिताराजे 1937 मध्येच वारल्या होत्या. मंदिर झालं नाही. माणिकबाग या महाराजांच्या राजवाड्यातलं, युरोपातून आणवलेलं आधुनिक फर्निचर 1980 मध्ये मॉन्टे कार्लोत लिलावात गेलं. एका माणसाच्या तिजोरीवर आलेली आधुनिक कला त्या तिजोरीबरोबरच निघाली. इंदुरातल्याच देवळालीकर मास्तरांच्या चित्रकला शाळेत जे रुजलं ते टिकलं. चित्रकार बेंद्रे तिथलेच, हुसेनही तिथे शिकले. 1950 मध्ये बेंद्रे बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाशाखेत चित्रकला शिकवू लागले. ते शिकवणं कुणी लिलावात काढू शकलं नाही.

ऑस्ट्रेलियाने 1973 मध्ये पक्षी घेतले. त्याच वर्षी अमेरिकी चित्रकार पोलॉकचं एक चित्र 13 लाख डॉलरला घेतलं म्हणून इथल्या वर्तमानपत्रांनी सरकारला फाडून खाल्लं होतं. म्हणजे इथेही सगळे रसिक नव्हते. आज कायम संग्रह बघायला तिकीट नाही. पक्षी राजवाड्यात राहिले असते तर तुम्हाआम्हाला कुणी आत सोडलं असतं का? इथे राहणाऱ्याने हे म्हणणं सोयीचं आहे, ठाऊक आहे. तरी म्हणतोच.

निघण्यापूर्वी पक्षी मांडलेले आहेत ना, ते दालनाच्या साइटवर बघून घ्या, मांडणी बदलत असते. आणि माणिकबागेत हल्ली काय आहे? केंद्रीय करांचं कार्यालय. पक्षी तिथे असते तर कुठल्या सदरात पडले असते कोण जाणे.