तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या खिशातला चाकू

“काका, घडीच्या चाकूवर बंदी पायजे म्हणून तेव्हा तुम्हीच उभे राहिले होते. मग आता बंदीच्या निवेदनावर सही कायले करत नाही? अन् खिशात चाकू कायले ठेवता?”

लग्नात विचारतात, तेरवीत विचारतात, एसटीत विचारतात. आता पुण्याचा जावईही फोनवर विचारतो. ‘चाकू’ म्हणताना जरा थांबतो आणि हसतो. माळकरी माणसाच्या खिशात चाकू, यातली गंमत मला कळते. पण एकदा सगळं सांगून टाकतो.

आधी चाकू. घडीचा, मूठ शिसवी, खिळे पितळी, पातं पावणेतीन इंच, दगडावर घासून घासून मधे खोलगट झालेलं. शेंदुरजनाघाटला संत्र्याची कलमं बांधायला शिकायला गेलो होतो तेव्हा घेतला. जंबेरीचा, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम करतात त्या लिंबाचा, खुंट पेन्सिलीएवढा झाला की जमिनीपासून वीतभर वर सालीला टीसारखी चीर द्यायची, मुठीच्या मागच्या पट्टीनं साल हलकेच उचलायची, आत संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. धार गेलेली असली तर साल फाटते, डोळा वाळतो. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, आला की मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावण्याआधी खोड खरवडायला तोच. ठिबकची नळी तोच कापतो, बारदान्याची सुतळी तोच, आणि दुपारचा कांदाही. (कांद्याआधी धुतो. घरी यावर कोणाचा विश्वास नाही.)

कायदाही वाचलाय, उगाच बोलत नाही. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याचे नियम 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांबद्दल बोलतात, तेही घरकाम-शेतीकामाच्या वस्तू वगळून. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेनं बटणाच्या चाकूसाठी 7.62 सेंटीमीटरची, म्हणजे 3 इंचांची रेघ आखली. माझा पावणेतीन, आणि त्याला बटणही नाही. मग अडचण कुठं? अडचण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 मध्ये. ते इंच मोजत नाही. निवडणूक आली, सण आला, मोर्चा निघाला की आदेश निघतो: सार्वजनिक जागी काठ्या, भाले, तलवारी, चाकू घेऊन फिरू नये. फिरलात तर कलम 135 खाली शिक्षा.

आता मागणी त्याच्याही पुढची आहे. घडीचा चाकू विकताना आधार कार्ड घ्या, वहीत नोंद ठेवा, आणि खिशात सापडला की बाराही महिने गुन्हा; आदेश असो नसो, कारण काही असो. निवेदन वर जाणार आहे. सह्यांत पहिली माझी पायजे, कारण शांतता समितीत पहिलं भाषण माझंच होतं.

होतं ना. नाही कुठं म्हणतोय? वरातीत डीजेपुढं दोन पोट्ट्यांची लागली आणि एकानं खिशातून बटणाचा चाकू काढला. मोबाइलवरून मागवलेला. ज्याला लागला त्याच्या पोटावर मी माझा दुपट्टा दाबून धरला होता. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत, गाडीत, गुडघ्यावर बसून. पोट्टा वाचला. पुढच्याच बैठकीत मी उभा राहून म्हणालो, “घडी करून खिशात मावंल असा एकही चाकू गावात नको.” टाळ्या पडल्या. त्या वेळी माझा चाकू माझ्याच खिशात होता आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही. मी चाकू म्हणालो ते त्यांच्या चाकूला. माझं ते अवजार.

आता 2024 ची विधानसभा. मतदान 20 नोव्हेंबरला होतं, त्याच्या आधीचा आठवडा. आमच्याकडं डोळे भरायला, म्हणजे कलमं बांधायला, सुरुवात झाली होती. संध्याकाळी रोपवाटिकेतून मी गाडीवर पुढं निघालो, सालगडी सायकलवर मागं. फाट्यावर नाकाबंदी. शिपायानं बॅटरी तोंडावर मारली आणि लगेच खाली घेतली. “भाऊ, तुमी व्हय? जा जा.” मी गेलो. खिसा कोणी चाचपला नाही.

त्याचा चाचपला. तोच चाकू, एकाच दुकानातला. माझ्यासाठी घेतला तेव्हा त्याच्यासाठीही घेतला होता. शर्टाच्या खिशात फडक्यात गुंडाळलेला. साडेनऊला फोन आला. “भाऊ, मले ठाण्यात बसवलं. तुमी या ना जरा.” मी म्हणालो, “सकाळी येतो.”

का म्हणालो, हे मी बायकोला तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलंय. घरी पाहुणे होते, हे खरं. रात्री साहेब भेटत नाहीत, हेही खरं. पण मी गेलो असतो तर सांगावं लागलं असतं की चाकू मीच दिला आणि तसलाच माझ्या खिशातही आहे. आणि ठाण्यात समोर बसणारा साहेब शांतता समितीच्या त्या बैठकीत माझ्या भाषणाला मान डोलावत होता. हे तिला नाही सांगितलं. ती हे वाचेल, वाचू दे.

सकाळी गेलो तर तो बाकावर तसाच बसलेला, चप्पल हातात. पंचनामा झाला होता. ‘लाकडी मुठीचा, घडीचा, लोखंडी पात्याचा धारदार चाकू.’ एक शब्द खोटा नाही. पात्याला जंबेरीचा चीक वाळून काळा झाला होता, तो लिहिलेला नव्हता. दुसऱ्या खिशात डोळे बांधायच्या पट्ट्यांचं भेंडोळं होतं, तेही नाही. मी तिथं शेती, कलम, जंबेरी सगळं समजावून सांगितलं. ऐकणारा सभ्य माणूस होता. म्हणाला, “काका, रात्रीच आले असते तं कागद झालाच नसता.”

परत येताना तो माझ्यामागं गाडीवर बसला होता. नाल्यापर्यंत गप्प. मग म्हणाला, “मी त्यायले सांगतलं, भाऊचा बी असाच हाये. ते हासले.”

म्हणून मी सही करत नाही. तुम्ही म्हणाल, मग तर नियम कडकच पायजे, म्हणजे तुम्हालाही थांबवतील. हे मला जावयानं ऐकवलं आणि त्यावर मला उत्तर सुचलं नाही. नियम कितीही कडक केला तरी बॅटरी माझ्या तोंडावरून खाली येणारच, असं मला वाटतं. पण ज्याच्या पोटावर दुपट्टा दाबला त्याच्या आईसमोर हे बोलायची माझी हिंमत नाही. ती अजून विचारते, “भाऊ, त्या कागदाचं काय झालं?”

आणि एक गोष्ट मला अडचणीची आहे, तीही सांगतो. त्या रात्रीपासून सालगडी चाकू बाळगत नाही. दाढीचं ब्लेड अर्धं मोडून त्यानंच डोळे भरतो. मी मुद्दाम ओळी मोजल्या. त्याचे डोळे माझ्याइतकेच फुटले, एका ओळीत दोन जास्तच. म्हणजे चाकूवाचून चालतं की! पण ब्लेडनं खोड खरवडता येत नाही. डिंक्याच्या झाडापाशी आला की तो हात पुढं करतो, मी चाकू देतो. काम झालं की पातं फडक्यानं पुसतो, घडी करतो आणि धुऱ्यावरच परत देतो. रस्त्यापर्यंत नेत नाही.

निवेदनाचा कागद कपाटात आहे. परवा पुन्हा दोघं आले होते. म्हटलं, डोळे भरायचे दिवस हायेत, मग या.