बालवाडीतलं टच पॅनल, वॉरंटी आणि नऊ आठवडे : माझा अनुभव, सोलापूर

सगळ्यात आधी एकच सांगते, लिहिता लिहिता राहून जाईल म्हणून. पॅनल दुरुस्त झालंय हे स्वतः चालवून बघितल्याशिवाय टेक्निशियनला ओटीपी सांगू नका, तो सांगितला की कंपनीकडे तक्रार मिटली अशी नोंद होते. माणूस कितीही चांगला वाटू दे, कितीही घाईत असू दे. मी सांगितला आणि त्यापायी नऊ आठवडे गेले.

मी सोलापुरात पूर्व भागात बालवाडी चालवते. तीन ते सहा वर्षांची मुलं, दोन बॅच मिळून ४६. बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, मराठी घरी बोलणारी थोडीच. २०२४ च्या जूनमध्ये एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालवायचा मोठा स्क्रीन, भेट दिलं. आलं, बसलं, चालू झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त उंचीवरून माझा वाद झाला. बसवणारा म्हणाला सगळ्या शाळांत जमिनीपासून साडेतीन फुटांवरच असतं. अहो पण माझी मुलंच तेवढी आहेत की, त्यांचा हात फक्त खालच्या पट्टीला लागणार आणि बाकी सगळं टीचर करणार, मग टीव्हीच लावायचा ना भिंतीवर. चाकांच्या स्टँडवर घ्यायला लावलं आणि स्क्रीनची खालची कड दीड फुटावर आणली. तुम्ही घेणार असाल तर हे ऑर्डर देतानाच ठरवा, आणि स्टँडच्या चाकांना लॉक असलंच पाहिजे, पॅनल चांगलं जड असतं आणि मुलं त्याला टेकतात.

आम्ही ते कसं वापरतो ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की इंटरॅक्टिव्ह पॅनल म्हणजे यूट्यूबवरची गाणी मोठी करून लावायची. तयार कार्टून आम्ही जवळजवळ लावतच नाही. मी स्वतः फोटो काढते, आमच्या गल्लीतले, लूमचे, चादरीच्या गठ्ठ्यांचे, कडक भाकरीचे, शेंगा चटणीचे. ते पॅनलवर टाकायचे आणि दोन दोन मुलांनी मिळून ओढून गट करायचे, खायचं एकीकडे, वापरायचं एकीकडे. दोघं असली की बोलणं होतं. एकटं मूल नुसतं बोट फिरवतं. तेलुगू बोलणाऱ्या मुलांसाठी एका आजीच्या आवाजात शब्द रेकॉर्ड करून घेतलेत, चित्राला हात लावला की आधी आजी तेलुगूत सांगते, मग मी मराठीत. जूनमध्ये तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी त्या आजीच्या आवाजाला उत्तर द्यायला लागली, तो दिवस मी विसरणार नाही. मोबाईलचा कॅमेरा जोडून मुंगी मोठी करून दाखवली होती एकदा, त्यानंतर तीन दिवस सगळी पोरं अंगणात उकिडवी बसून मुंग्याच बघत होती. मला पॅनलकडून हेच पाहिजे असतं, स्क्रीन बंद झाल्यावर मूल कुठे जातंय ते.

आणि वेळ, एका गटाला दहा मिनिटं, फार तर पंधरा. नंतर मणी, माती, भातुकली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघणं दिवसभरात १ तासाच्या वर नको, कमी तेवढं चांगलं. त्या एका तासात घरचा टीव्ही आणि मोबाईलपण धरायचा असतो, मग शाळेने किती घ्यायचं? पालकसभेत हे मी दरवेळी सांगते.

आता मुद्द्यावर येते.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा. मुलं नुसती नंदीध्वजांबद्दल, म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांबद्दल बोलत होती, म्हणून सात नंदीध्वजांची चित्रं टाकून मोजणं आणि क्रमाने लावणं घेतलं होतं. संक्रांतीचा आठवडा, वर्गात तिळगूळ, रेवड्या, सगळ्यांचे हात चिकट. २० जानेवारीला, सोमवारी, पॅनल बिघडलं. डावीकडे खाली साधारण चार बोटं रुंद पट्टा, तिथे टच घेईना, आणि बाकी ठिकाणी चित्र ओढत नेलं की मध्येच सुटायचं, कधी आपोआप भलतंच उघडायचं. पाच वर्षांचा एक मुलगा मला म्हणाला, टीचर, ते माझं ऐकत नाही. मोठ्या माणसाला कळतं मशीन बिघडलंय. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून मी त्याच दिवशी पॅनल बंद केलं आणि कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला.

तीन वर्षांची वॉरंटी, जागेवर येऊन दुरुस्ती. ४८ तासांत माणूस येईल म्हणाले, चौथ्या दिवशी आला. पाच मिनिटं बघितलं, फोटो काढले, पार्ट मागवावा लागेल म्हणाला, मग म्हणाला मॅडम ओटीपी आलाय तो सांगा, नाहीतर माझी व्हिजिट धरत नाहीत. मला वाटलं आल्याची नोंद असेल, सांगितला. तो जिना उतरेपर्यंत मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे.

परत फोन. सिस्टीमला क्लोज दिसतंय, नवीन तक्रार टाका. नवीन टाकायला गेले तर यावेळी बिल मागितलं. बिल कारखान्याच्या नावावर, पत्ता अक्कलकोट रोड एमआयडीसीचा, पॅनल माझ्याकडे. ज्यांच्या नावावर बिल त्यांनीच तक्रार करायची किंवा त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र द्यायचं. मालक बाहेरगावी. अकाउंटंट बिचारे चांगले होते पण त्यांच्यामागे वर्षअखेरीची कामं, तरी त्यांनी दहा दिवसांनी पत्र दिलं. ते स्कॅन करून पाठवलं तर फाईल मोठी म्हणून परत, छोटी केली तर अस्पष्ट म्हणून परत, मग कळलं की पत्रावर सिरीयल नंबर पाहिजे आणि तो पॅनलच्या मागच्या स्टिकरवर असतो, म्हणजे पत्र पुन्हा नव्याने. हे सगळं एकदाच सांगता आलं असतं ना? प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगायची, ती करायला आठवडा जायचा, मग पुढची. शेवटी मी स्वतः त्यांच्या इथल्या सर्व्हिस ऑफिसला गेले, बालवाडी सुटल्यावर, रिक्षा बदलून. तिथला मुलगा म्हणाला हे पुण्यातून होतं. पुण्याला फोन केला तर म्हणाले तुमची ब्रँच सोलापूरच आहे. त्या दिवशी घरी येऊन मी खरंच रडले, थकून. पैसे कोणाचे, वस्तू कोणाची, हे विचारणारे भेटले, मुलं काय करत असतील हे एकानेही विचारलं नाही.

सहाव्या आठवड्यात दुसरा माणूस आला. फ्रेमवर हात फिरवला आणि म्हणाला फिजिकल डॅमेज आहे, मुलांनी आपटलं असेल, वॉरंटीत बसत नाही, फ्रेम बदलायचे १८,००० होतील, इथे सही करा. मी सही केली नाही, आणि ओटीपीही दिला नाही.

यानंतर जे केलं त्याने काम झालं, म्हणून नीट लिहिते. पॅनल चालू करून, बोट लावून, कुठे टच घेत नाही ते दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला. त्यात काचेला, कडेला एकही तडा नाही हेही दाखवलं. दोन्ही तक्रार नंबर, दोन्ही वेळा आलेल्या माणसांच्या तारखा, कारखान्याचं पत्र, बिल, सगळं एकाच ईमेलमध्ये टाकलं आणि शेवटी लिहिलं की डॅमेज आहे असं तुमचं म्हणणं असेल तर नेमकं कुठे आहे ते मला लेखी द्या. लेखी द्या म्हटल्यावर चौथ्या दिवशी वरून फोन आला.

२४ मार्चला पुण्याहून एक सिनियर आले. पॅनल बंद केलं, स्विच काढला, बॅटरी मारून फ्रेमची आतली कड बघितली आणि किंचित ओलसर मऊ फडक्याने ती कड पुसली, मग कोरड्याने. फडक्याला तपकिरी चिकट राप. गूळ, धूळ, बोटांचं तेल. मग सेटिंगमधून टच कॅलिब्रेट केलं, म्हणजे बोट लागतं तिथेच टच घेईल असं जुळवून घेतलं. बारा मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं होतं.

त्यांनीच समजावून सांगितलं. अशा पॅनलमध्ये काचेला स्पर्श कळत नाही, कडांच्या आत बारीक इन्फ्रारेड दिवे आणि त्यांच्या समोरच्या कडेला ते किरण टिपणारे सेन्सर असतात, काचेच्या अगदी लगत न दिसणाऱ्या किरणांची जाळी. बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि बोट कुठे आहे ते मशीनला कळतं. कडेवर घाण बसली तर तिथला किरण पोहोचतच नाही किंवा कायम बोट ठेवल्यासारखं वाटतं. आमची कड दीड फुटावर, मुलं तीच धरून उभी राहतात. मग पहिल्याच फोनला विचारायचं की ताई कड पुसून बघितली का! मी पुसलीही असती, पण बसवताना सांगून गेले होते की फ्रेमला हात लावला तर वॉरंटी जाईल. नऊ आठवडे एका फडक्यासाठी, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

ओटीपी त्यांनाही पाहिजे होता. मी आधी चार मुलांना बोलावलं, चौघांनी चार कोपऱ्यांतून एकदम चित्रं ओढली, खालचा डावा कोपरा त्याच पाच वर्षांच्या मुलाला दिला. त्याचं चित्र सरकलं, सुटलं नाही. मग सांगितला.

त्या नऊ आठवड्यांत वर्ग अडला नाही हेही सांगते, मला त्याचा अभिमान आहे. तेच फोटो प्रिंट करून कार्डं केली, आजीचा आवाज मोबाईलवरून लावला. एका वडिलांनी विचारलं स्मार्ट क्लास बंद का, त्यांना वर्गात अर्धा तास बसवलं, परत विचारलं नाही. तेव्हाच क्यूआर कोडचं सुचलं. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, ते डोक्यात होतंच. मूल चित्र काढतं, त्याची गोष्ट त्याच्या आवाजात रेकॉर्ड करते, कोड चित्रामागे चिकटवून घरी पाठवते. लूमवर रात्रपाळी करणारे वडील सकाळी घरी आल्यावर ऐकतात.

राहिलेलं एक. देणगीत वस्तू घेताना बिल संस्थेच्या नावावरच करायला सांगा, देणारे सहसा नाही म्हणत नाहीत, नाव बिल करतानाच नीट घालून घ्या. सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. आणि ओढणी किंवा बाहीचं टोक काचेसमोर लोंबत असेल तरी टच लागतो, आमच्या मदतनीस ताईंना हे कळेपर्यंत पॅनल आपोआप चालतंय असंच वाटायचं. आता पॅनलशेजारी खुंटीला एक फडकं टांगलंय, मुलं हात धुऊनच येतात, आणि शुक्रवारी कड पुसायची पाळी कोणाची यावरून त्यांची भांडणं होतात.