दही लागलंच नाही

गणपतीला देवगडला घरी गेलेले तेव्हाची गोष्ट. सकाळी आईने भांड्यावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "राती विरजाण घातलंलंय, पण दही काय लागूक नाय." बघितलं तर दूध तसंच पातळ, वर साय. विरजण चांगलं होतं, कारण तेच शेजारच्या काकींनी पिशवीच्या दुधाला लावलेलं आणि त्यांचं दही मस्त घट्ट. मग कळलं की आमच्याकडे जिचं दूध येतं त्या गायीला दगडी (कासेची सूज) झालेली आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती. असं दूध काही दिवस वापरायचं नसतं, पण घरात एकच दुभती गाय असेल तर ओतून देणं जिवावर येतं, मी गायवाल्यांना दोष देत नाही.

औषध दुधात उतरतं, उकळूनही पूर्ण जात नाही आणि विरजणातल्या बॅक्टेरियांना वाढू देत नाही. पण हे कळायला अख्खी रात्र गेली, तोपर्यंत निम्मं दूध चहात संपलेलं.

मी केमिस्ट्रीवाली, त्यामुळे दुधातलं औषध झटपट कसं ओळखायचं म्हटल्यावर डोक्यात लगेच युरोपियम आलं. हा धातू एकटा असला की यूव्ही प्रकाशात जेमतेम चमकतो, कारण त्याला प्रकाश नीट शोषताच येत नाही. टेट्रासायक्लिन (गायीचं औषध याच कुळातलं) त्याला चिकटलं की ते प्रकाश शोषून त्याच्याकडे देतं आणि मग तो लालभडक चमकतो. दुधात टेट्रासायक्लिनची कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा लिटरला 100 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल 5000 लिटरमध्ये! एवढंसं पकडायचं.

दूध मात्र फार त्रास देतं. फॅट आणि प्रोटीन आधी काढावं लागतं, दुधातलं कॅल्शियम स्वतःच टेट्रासायक्लिनला धरून बसतं, आणि दह्याच्या निवळीला जो हिरवट पिवळा रंग असतो ना, ते रायबोफ्लेविन, तेही यूव्हीखाली चमकतं. त्यावरची युक्ती मला भयंकर आवडते. रायबोफ्लेविनची चमक नॅनोसेकंदात विझते, युरोपियमची त्याच्या हजारो पट टिकते, म्हणून प्रकाशाचा झोत मारून किंचित थांबायचं आणि मगच मोजायचं, मागे उरतो तो फक्त लाल.

आमच्या इथल्या दूध संकलन केंद्रावर फॅट बघायचं मशीन आहे, त्याच्या शेजारी असलं काहीतरी हवंय, दोन मिनिटांत सांगणारं, रात्रभर विरजणाची वाट न बघता.